राखेचा हिशेब: युद्धानंतरच्या इंग्लंडमधली उपनगरी कौन्सिलं

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमधली कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था, म्हटलं की लोकांना कौन्सिलची घरं आठवतात. त्यावर भरपूर लिहून झालंय. पण कौन्सिलचा रोजचा कारभार समजून घ्यायचा तर माझ्या मते कचऱ्याचा डबा उघडावा.

आधी कोणाकडे काय होतं ते पाहू. लंडनला खेटून असलेल्या मिडलसेक्समध्ये १९६५ पर्यंत दोन पातळ्या होत्या. शाळा, आणि १९४८ पासून अग्निशमन दल व रुग्णवाहिका वरच्या काउंटी कौन्सिलकडे. कचरा, गटारं, बागा आणि घरबांधणी खालच्या बरो किंवा अर्बन डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे. काही कौन्सिलांचा स्वतःचा वीजपुरवठा होता, तो १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरणात गेला. पुढच्या वर्षी गॅसही गेला.

खर्च भागायचा तो सरकारी अनुदानातून आणि रेट्समधून, म्हणजे तिथल्या घरपट्टीतून. घराची रेटेबल व्हॅल्यू, म्हणजे वार्षिक भाड्याच्या अंदाजावरून कर लावायला ठरवलेली किंमत, २० पौंड आणि त्या वर्षीचा दर पौंडामागे १८ शिलिंग असेल, तर वर्षाचे ३६० शिलिंग, म्हणजे १८ पौंड भरायचे. वसुली खालची कौन्सिल करायची आणि काउंटी 'प्रिसेप्ट' पाठवून आपला वाटा मागून घ्यायची. त्यामुळे पैसा बराचसा वर जायचा, शिव्या मात्र बिलावर नाव असलेल्या कौन्सिलला. कुठलाही प्रस्ताव आला की पहिला प्रश्न ठरलेला: किती पेनीचा भार? पौंडात २४० पेन्स. समजा हद्दीतल्या सगळ्या मालमत्तेची रेटेबल व्हॅल्यू ४,८०,००० पौंड आहे, तर एका पेनीचे २,००० पौंड. प्रत्यक्षात थकबाकी आणि रिकामी घरं धरता त्याहून थोडे कमीच हाती लागायचे.

आता डबा. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा, झाकणाचा, दोन बाजूंना कड्या. तो घरमालकाने घ्यायचा की भाडेकरूने? १९३६ च्या पब्लिक हेल्थ अ‍ॅक्टनुसार कौन्सिल दोघांपैकी कोणालाही नोटीस देऊ शकायची, आणि या साध्या डब्यावरून लोक कोर्टाची पायरी चढले. घराघरांत कोळशाच्या शेगड्या, त्यामुळे डब्यातल्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग राखेचा आणि अर्धवट जळलेल्या कोळशाचा. कागद आणि खरकट्यातलं जळेल तेवढं शेगडीतच जायचं.

डबा असायचा मागच्या दाराशी. डस्टमन, म्हणजे कचरा नेणारा कामगार, तो खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत जायचा, रिकामा करून परत ठेवायला यायचा, म्हणजे प्रत्येक घरी दोन खेपा. म्हणून काही ठिकाणी तो मोठी टोपली घेऊन जायचा आणि डबा तिथेच तिच्यात उपडा करायचा. एक खेप वाचायची, पण अंगणात राख सांडायची आणि तक्रारी यायच्या. सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे लोकांनीच डबा फुटपाथच्या कडेला आणून ठेवायचा. नगरसेवकांना ती पटायची, मतदारांना नाही.

निखारे विझायच्या आत राख टाकली की गाडीतला कचरा पेटायचा. म्हणूनच झाकणांवर 'गरम राख टाकू नका' अशी उठावाची अक्षरं दिसतात. ओली राख राहिली की तळ गंजायचा. झाकणांच्या खडखडाटावर उपाय म्हणून पुढे रबरी झाकणं आली.

या राखेचा एक फायदाही होता. खाणींच्या जुन्या खड्ड्यांत किंवा सखल जागी कचरा थराथराने टाकायचे; थर साधारण सहा फुटांचा, वरून नऊ इंच माती. राख पोकळ्या भरायची, ओल शोषून घ्यायची. खरकटं वेगळं काढायची सवय युद्धाने लावलीच होती. टॉटनहॅमची कौन्सिल ते शिजवून डुकरांचं खाद्य करायची, त्याला 'टॉटनहॅम पुडिंग' म्हणायचे.

मग १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर विषारी धुकं बसलं आणि १९५६ मध्ये क्लीन एअर अ‍ॅक्ट आला. स्मोक कंट्रोल एरिया, म्हणजे घरांतून धूर सोडायला बंदी असलेला भाग, ठरवणंही याच खालच्या कौन्सिलांकडे. इन्स्पेक्टर घरोघर शेगड्या मोजायचे, खर्चाचा अंदाज बांधायचे. मग कौन्सिलचा आदेश, वर्तमानपत्रात जाहिरात, हरकती, मंत्र्यांची मंजुरी, आणि त्यानंतर किमान सहा महिन्यांची मुदत. शेगडी बदलायला ३० पौंड मंजूर झाले तर मालकाचे ९, कौन्सिलचे ९ आणि सरकारचे १२. कायद्यानंतर बांधलेल्या घराला अनुदान नाही. कोळशाऐवजी कोक, म्हणजे कोळशातून गॅस काढल्यावर उरणारं बिनधुराचं इंधन, जाळा असं सांगितलं, आणि साठच्या दशकात गॅस कारखाने तेलाकडे व पुढे नॉर्थ सीच्या वायूकडे वळले, तसा त्यांच्याकडून मिळणारा कोकच आटत गेला.

हवा सुधारली, पण कचऱ्याच्या खात्याचा हिशेब पार बदलला. राख घटली आणि शेगडीत जाणारा कागद, खोकी, वेष्टनं थेट डब्यात आली. कचरा हलका झाला आणि फुगला. वजनाने कमी भरलेली गाडी जागेअभावी लवकर भरायची, म्हणून आतल्या आत दाबणाऱ्या गाड्या घ्याव्या लागल्या. त्या महाग, म्हणजे पुन्हा पेनीचा प्रश्न. काही कौन्सिलांनी डब्याऐवजी जाड कागदी पोती चौकटीला लावून दिली. उचलायला सोपी, पण फुटकी काच आणि ओला कचरा त्यांचा तळ फाडायचा, आणि ज्याच्या घरी अजून शेगडी होती त्याची राख त्यांना भोकं पाडायची. भरावाच्या जागी पोकळ्या राहू लागल्या, त्यांत उंदीर आणि आगी. आदेश काढताना या पलीकडच्या खर्चाची बेरीज कितीशा कौन्सिलांनी केली असेल, मला शंकाच आहे.

जुने सोफे आणि गाद्या तर डब्यात मावायच्याच नाहीत. १९६७ च्या सिव्हिक अमेनिटीज अ‍ॅक्टने कौन्सिलांना रहिवाशांसाठी अशा वस्तू फुकट टाकायची जागा देणं भाग पाडलं. लंडनमध्ये १९६५ पासून कचऱ्याची विल्हेवाट ग्रेटर लंडन कौन्सिलकडे गेली आणि उचलणं बरोंकडे राहिलं. बाकी इंग्लंडात हीच विभागणी १ एप्रिल १९७४ पासून झाली: गाड्या डिस्ट्रिक्टच्या, टाकायची जागा काउंटीची.