कळसूबाई संपते तिथून केदारनाथ सुरू होतं

केदारनाथहून ठाण्यात परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतोय, हेलिकॉप्टरने गेलात ना? नाही हो, चालत गेलो, गौरीकुंडापासून वर आणि तसंच चालत खाली. मग लगेच पुढचं वाक्य तयार असतं की तू काय बाई दर पावसाळ्यात गड चढतेस, तुला काय कठीण. त्यासाठीच हे लिहायला बसलेय, कारण आमच्या ग्रुपमधले बरेच जण हरिश्चंद्रगड केलाय तर केदारनाथ काय, अशा थाटात बॅगा भरतायत.

साधा हिशोब बघा. आपल्याकडचं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. आणि गौरीकुंड, म्हणजे जिथे तुम्ही जीपमधून उतरून बुटांच्या लेस बांधता, तेच जवळपास २००० मीटरवर आहे. मंदिर ३५८३ मीटरवर. येऊरच्या डोंगरात दर रविवारी जाऊन आणि बिल्डिंगचे जिने चढून (मी लिफ्ट सोडली होती, शेजारच्या काकू रोज विचारायच्या, लिफ्ट बंद पडली का गं परत) पाय तयार होतात, ते खरंच होतात, पण वर गेल्यावर श्वासामागे ऑक्सिजन इथल्या साधारण दोन तृतीयांशच मिळतो आणि आपण खाडीकाठची माणसं, त्याची प्रॅक्टिस इथे कुठे करणार? त्यामुळे एका दिवसात वर पोचायचा हट्ट नको, वाटेत लिंचोलीला मुक्काम करा, पाणी पीत रहा, आणि डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच, व्हॉट्सॲपवर कोणी सांगितलं म्हणून नाही.

बाकी वाटेचं म्हणाल तर ही ट्रेकची वाट नाहीच. दगडी फरशी, पायऱ्या, कठडे, चहा-मॅगीची दुकानं, आणि जंगलचट्टी, भीमबली करत सोबत अखंड घोडे आणि खच्चरं. लीद, पाणी आणि गुळगुळीत दगड असा जो काही चिखल होतो ना, त्यावर चढापेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं. घोडं आलं की डोंगराच्या अंगाला सरकायचं, दरीच्या अंगाला चुकूनही नाही, हे आधीच घरच्यांना सांगून ठेवा कारण घाबरून माणूस नेमका उलटा सरकतो. सोनप्रयागला रजिस्ट्रेशन तपासतात आणि तिथून गौरीकुंडच्या जीपसाठी भलीमोठी लाइन, पण ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या लाइनीत मोठं झालेल्या माणसाला त्याचं काय.

आमच्यात सगळ्यात भारी चालले ते सोसायटीतले काका. ट्रेक वगैरे काही नाही, दरवर्षी आळंदीहून वारीला जातात, बस्स. जिमवाली पोरं सुरुवातीला धावत पुढे आणि मग प्रत्येक वळणावर बाकड्यावर आडवी, काका आपले त्याच चालीत, तोंडाने हरिपाठ. कोणी बसलं की म्हणायचे, जास्त बसू नकोस रे, पाय गार पडतात. वाटेवर सगळे जय भोले म्हणतात, हे उत्तर द्यायचे रामकृष्णहरी, आणि समोरच्यालाही काही वावगं वाटायचं नाही.

काका २०१३ च्या आधीही येऊन गेलेत, त्यामुळे रामबाड्याला थांबलेच. तेव्हा हा अर्ध्या वाटेवरचा मुक्काम होता, लॉज, दुकानं, सगळा बाजार. १६-१७ जूनला आधी तुफान पाऊस, मग वरचा चोराबाडी तलाव फुटला आणि मंदाकिनी नदीने रामबाडा धुऊन नेला. जुनी वाट नदीच्या याच अंगाने गरुडचट्टीवरून जायची, आता इथे पुलावरून नदी ओलांडून लिंचोलीकडे चढावं लागतं, आणि हा नवा तुकडा चांगलाच उभा आहे, अंतरही वाढलंय. इथपर्यंत सगळे गप्पा मारत येतात, पुलानंतर फक्त श्वास ऐकू येतात. किती राहिलं विचारलंत तर खाली येणारा प्रत्येक जण दोनच किलोमीटर सांगतो, त्यामुळे विचारूच नका.

मंदिराबद्दल मी काय लिहू, फोटो सगळ्यांनी बघितलेत. मागची भीमशिला मात्र फोटोत कळत नाही केवढी आहे, पुरात हीच आडवी येऊन अडकली आणि पाण्याचा लोंढा दोन बाजूंनी फुटला. आम्ही दसऱ्यानंतर गेलो, भाऊबीजेला मंदिराचे दरवाजे हिवाळ्यासाठी बंद होऊन देवाची डोली खाली उखीमठला जाते त्याच्या थोडं आधी. मे-जूनपेक्षा गर्दी बरीच कमी, पण थंडी अशी की रात्री बाटलीतलं पाणी पिववेना.

आता सोनप्रयागपासून रोपवे मंजूर झालाय, १२.९ किमीचा, ३६ मिनिटांत वर. माझ्या आईच्या गुडघ्यांसाठी मला तो उद्या हवाय, खरं सांगते. खच्चरांचे हाल बघितल्यावर तर जास्तच. फक्त तेवढ्या वेळात एकदम तेवढी उंची गाठल्यावर डोकं दुखणाऱ्यांची वर काय सोय करणार तेही बघायला हवं.

आणि उतरणीला हलकं समजू नका. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे आणि पायाची बोटं जातात. काठी घ्या, नखं कापून जा, बूट अर्धा नंबर मोठा. काकांनी ट्रेनमध्येच जाहीर केलंय की पुढच्या वर्षी पंचकेदारातलं मद्महेश्वर, रांशी गावाहून चालत, तिकडे गर्दी नसते म्हणे. मी म्हटलं काका, आधी माझं अंगठ्याचं नख येऊ दे.