फावल्या वेळात

पुरस्कार घ्यायला स्टेजवर उभी होते आणि निवेदक माझा परिचय वाचत होता. पीएच.डी. कशावर, पेपर किती, विद्यार्थी किती. शेवटी म्हणाला, "आणि मॅडम फावल्या वेळात मातीची भांडीही करतात." सभागृह हसलं. मीही हसले. पण तो 'ही' काही डोक्यातून जाईना.

कारण 'ड्राइंग', म्हणजे ओला पदार्थ वाळवणं, हा रसायन अभियांत्रिकीतला विषय मी सतरा वर्षं शिकवला आणि मग मातीत शिकले.

फळ्यावर आलेख दरवर्षी तोच. शेरवुड या रसायन अभियंत्याने १९२९ मध्ये 'ड्राइंग ऑफ सॉलिड्स' ही लेखमाला सुरू केली, तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत मुरलेला. ओला पदार्थ वाळताना आधी पृष्ठभाग भिजलेलाच असतो, म्हणून वाळण्याचा वेग स्थिर. मग आतलं पाणी वर पोचायला उशीर करू लागतं आणि वेग घसरतो. मुलं तो वळणाचा बिंदू परीक्षेत बरोबर दाखवायची, मी पूर्ण गुण द्यायची. दोन्ही बाजू खूश.

मग मी पहिले सहा मग केले. सहाही मगांचे कान सांध्यापाशी तडकले, आणि आमच्या शिक्षिकेने माझे उपटले. "कान बारीक, अंग जाड. दोन्ही एकदम उघड्यावर ठेवलंस?"

लाज वाटली ती रसायन अभियंता म्हणून. जाडी दुप्पट झाली की आतलं पाणी बाहेर झिरपायला साधारण चौपट वेळ लागतो, हे मी झोपेतही सांगितलं असतं. कान आधी वाळला, आधी आकसला. अंग अजून ओलं, फुगलेलं. तडा सांध्यावर जाणार नाही तर कुठे?

दुसऱ्या दिवशी मातीची एक पट्टी लाटली, तिच्यावर शंभर मिलिमीटर अंतरावर दोन रेघा ओढल्या आणि दर अर्ध्या तासाला वजन आणि अंतर लिहीत बसले. (प्रयोगशाळेचा तराजू होता, कुणी विचारलं नाही.) वजनाची रेघ सरळ उतरली, मग वाकली. वाकली तेव्हा अंतर चौऱ्याण्णव होतं. पुढे वजन घटत राहिलं, अंतर जवळजवळ हललंच नाही. म्हणजे आकसणं बहुतेक सगळं त्या वळणाआधीच उरकतं! कणांमधलं पाणी जातं तोवर कण जवळ सरकतात. एकदा एकमेकांना टेकले की नुसती छिद्रं रिकामी होतात. पुस्तकात हे असेलच. मी वाचलंही असेन.

माझं संशोधन बुडबुड्यांचं: वायू द्रवात किती वेगाने जातो. डँकवर्ट्स या रसायन अभियंत्याने १९५१ मध्ये मांडलं की द्रवाचा पृष्ठभाग सतत बदलत राहतो, खालून ताजा द्रव वर येतो. त्या कल्पनेवर माझी अख्खी नोकरी निघाली. मातीत ती सोय नाही. तिचा पृष्ठभाग एकदा वाळला की वाळला.

आता वर्गात आलेखाआधी तुटका मग फिरवते. गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅम, नुसत्या कानाला प्लॅस्टिक गुंडाळलं तर?" हे उत्तर शोधायला मला तीन भट्ट्या लागल्या होत्या.

स्मरणिकेसाठी तोच परिचय तपासायला आलाय. 'फावल्या वेळात' खोडलं, पण त्या जागी काय लिहावं ते सुचत नाहीये. पॉलिथिनखाली चार मग आहेत, कान अजून ओले. ते उलटे करून ठेवते आधी.