गच्चीवर वाचलेली ‘मॉन्स्टर’

लातूरला मे महिन्यात रात्री अकरालाही गच्ची तापलेलीच असते. चटईवर पालथी पडून, मोबाईलच्या उजेडात अमेरिकी लेखक वॉल्टर डीन मायर्सची 1999 सालची ‘मॉन्स्टर’ ही कादंबरी एका बैठकीत संपवली.

न्यूयॉर्कच्या हार्लेममधला 16 वर्षांचा स्टीव्ह. औषधाच्या दुकानात दरोडा पडतो, मालकाचा त्याच्याच पिस्तुलानं जीव जातो. स्टीव्हवर आरोप असा, की आधी आत जाऊन त्यानं पोलीस नाहीत ना, हे पाहिलं. तुरुंगात बसून तो स्वतःचाच खटला सिनेमाच्या पटकथेसारखा लिहितो. खरं काय ते मात्र डायरीतही धड सांगत नाही. मी तीनदा मागची पानं चाळली.

सुरुवातीलाच तो लिहितो, रडायचं तर रात्री दिवे गेल्यावर, कुणाला तरी मार बसत असताना. म्हणजे कुणाला ऐकू जात नाही. तिथं पुस्तक मिटून छातीवर ठेवलं. शेजारी भाचा झोपलेला, ‘नीट’च्या क्लाससाठी उदगीरहून आलेला. वय तेवढंच. तळहातावर पेनानं लिहिलेली सूत्रं घामानं फिसकटलेली.

आई म्हणते, असली पुस्तकं लेकरांना देऊ नये. मला नाही पटत. सकाळी त्याच्या नोट्सवर ठेवणार आहे.