फुटपाथने खाल्लेलं अलॉय आणि माझे तीन आठवडे: चाक क्रमांक एक

मंडळी, फुटपाथला घासलेल्या माझ्या अलॉय (मिश्रधातूच्या) चाकांपैकी चाक क्रमांक एकची दुरुस्ती संपली एकदाची. म्हणजे गाडीला लागलंय, त्याच्यावर तीनशेच्या वर किलोमीटर पण झाले. रोजच्या रोज लिहून ठेवीन असं ठरवलं होतं पण हात कायम रंगाने नाहीतर लांबीने (खड्डे बुजवायच्या लगद्याने) भरलेले, फोनला हात लावायची सोय नव्हती, त्यामुळे सगळं एकदम लिहितोय, जरा पुढेमागे होईल.

आधी अवस्था सांगतो. पुढचं चाक, फुटपाथच्या बाजूचं. बाहेरच्या काठाला जवळजवळ एक वीतभर घासलेलं, सगळ्यात खोल जागी दीड मिलीमीटरचा खड्डा, आणि त्याच्या आजूबाजूला क्लिअर कोटच्या (रंगावरच्या पारदर्शक थराच्या) खाली पांढऱ्या अळ्या सरपटत गेल्यासारख्या रेषा. त्या रेषा म्हणजे खरं दुखणं. एकदा ओरखड्यातून ओल आणि मीठ आत शिरलं की अ‍ॅल्युमिनियम आणि रंगाच्या मधून गंज असा धाग्यासारखा पुढे पुढे जातो, वरून रंग शाबूत दिसतो आणि नख लावलं की पोपडा हातात. मागच्या चाकाला पण थोडं घासलेलं आहे, त्याची हवाही हळूहळू कमी होते, मी वॉल्व्हला शिव्या घालत होतो. त्याच्याकडे शेवटी येतो.

माझं अलॉय सरळ सिल्व्हर रंगाचं आहे म्हणून हिंमत केली. ज्यांचं डायमंड कट आहे, म्हणजे दर्शनी भाग लेथवर कातून वर फक्त क्लिअर मारलेला असतो, बारीक गोल रेघा दिसतात बघा, त्यांनी घासायचा पेपर लावायच्या आधी दहा वेळा विचार करा. त्या रेघा हाताने परत येत नाहीत. मग एकतर पुन्हा लेथ, नाहीतर सगळं चाक रंगवायचं.

चाक काढताना विशेष काही नाही. नट जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक, मग स्टँड, स्टेपनी लावली. टायर काढलं नाही. थोडी हवा सोडली आणि टायर आणि रिमच्या फटीत जुने पत्ते खोचत गेलो, एकावर एक थोडे चढवून, पूर्ण गोल. मास्किंग टेपशी कुस्ती खेळण्यापेक्षा हे शंभर पट बरं. आई गॅलरीत आली, बघितलं, म्हणाली, "रमी लावलीयस की चाक दुरुस्त करतोयस?"

धुणं मात्र मनापासून करा. मी तीनदा धुतलं. आधी साबण, मग ब्रेकच्या धुळीसाठी आयर्न रिमूव्हर, तो लोखंडाच्या कणांना लागला की जांभळा होऊन ओघळायला लागतो, बघायला मजा येते पण वास भयंकर. मग डांबराचे ठिपके. आणि सगळ्यात शेवटी ग्रीस आणि वॅक्स काढायचं लिक्विड, स्वच्छ फडक्याने, पेपर लावायच्या आधी. हे आधीच का, तर टायर पॉलिशचं सिलिकॉन चाकावर राहिलं आणि तुम्ही घासायला घेतलंत की ते चरांमध्ये जाऊन बसतं आणि रंग मारल्यावर माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात, आणि तेव्हा रडून उपयोग नसतो.

जुना रंग काढायला कॉस्टिक सोडा चालेल का असं मनात आलं होतं, घरात होताच. चालत नाही. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमलाच खातो आणि वर हायड्रोजन सोडतो. तसंच लोखंडी तारेचा ब्रश पण नको, त्याचे कण मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथून नवीन गंज सुरू.

आता घासकाम. इथे मी पहिली माती खाल्ली. काठावरची धारदार कुसळं कानशीने काढली, ते बरोबर, पण मग वाटलं हाताने कोण घासत बसणार, ड्रिलला फ्लॅप डिस्क (घासपेपरच्या पाकळ्यांची चकती) लावली आणि फक्त दहा सेकंद, खरंच दहाच सेकंद, टेकवली. नजरेला छान दिसत होतं, चकचकीत, गुळगुळीत. रात्री टॉर्च जमिनीलगत आडवी धरून बघितलं तर गोल काठावर अंगठ्याएवढा भाग सपाट झालेला, जसा एखाद्या नाण्याचा काठ कानशीने उडवावा. म्हणजे फुटपाथने केलेला एक खड्डा आणि मी केलेला दुसरा, दोन्ही आता लांबीने भरायचे. डिस्क त्याच रात्री डब्यात गेली.

पुढचं सगळं हाताने. 120, 180, 240 नंबरचे पेपर, आकडा वाढेल तसा बारीक. मध्ये उडी मारायची नाही, कारण 120 चे चर 400 ने जात नाहीत, ते रंगाखाली लपतात आणि रंग वाळून बसला की वर येतात. अ‍ॅल्युमिनियम पेपरमध्ये भरतं, दोन मिनिटांत पेपर आंधळा होतो, म्हणून वॉटर पेपर आणि पाण्यात साबणाचे दोन थेंब. त्या अळ्यांच्या रेषा जिथे दिसायच्या थांबतात तिथे तुम्ही थांबू नका, अजून बोटभर पुढे जा, कारण टोक रंगाखाली दिसत नाही. मी एक रेष सोडली होती, संपली वाटून. दुसऱ्या दिवशी नखाने टोकरली तर पोपडा अजून दोन सेंटीमीटर उचकटला. या एका कामात तीन संध्याकाळी गेल्या, आणि माझ्या मते चाकाचं निम्मं काम हेच आहे. रंग मारणं हा त्यातला दिखाऊ भाग.

लांबी. अ‍ॅल्युमिनियमची पूड असलेली दोन भागांची पॉलिस्टर लांबी घेतली. हार्डनर वजनाच्या साधारण 2 टक्के, म्हणजे गोल्फच्या चेंडूएवढ्या गोळ्याला पातळ रेघ, बस. मला वाटलं जास्त टाकलं तर लवकर वाळेल, तर ती इतकी लवकर वाळली की पट्टीवरच दगड झाली, चाकापर्यंत पोचलीच नाही. दुसरी खेप बरोबर, चार-पाच मिनिटं मिळतात. पातळ पातळ दोनदा लावली. आणि हे लक्षात ठेवा की ही लांबी फक्त दिसण्यापुरती आहे, तिच्यात ताकद शून्य, दोनेक मिलीमीटरच्या वरचा खड्डा असेल तर तो लांबीचा विषय नाही.

काठ गोल आहे, लाकडी ठोकळा त्याच्यावर चालत नाही, नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांचे चर पडतात. जुन्या पाण्याच्या पाइपचा वीतभर तुकडा उभा चिरला, आत पेपर लावला, तो काठावर बरोब्बर बसला. त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी धुक्यासारखा हात आणि मग घासणं, जिथे काळं राहतं तिथे खोलगट, जिथे लगेच जातं तिथे उंचवटा. आणि डोळे मिटून हात फिरवा. गंमत सांगू का, हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून फिरवलं तर नुसत्या हातापेक्षा जास्त कळतं, त्वचेचं घर्षण जातं आणि फक्त उंची-खोली उरते. लांबी संपून धातू सुरू होतो ती सीमा मला नजरेला तीनदा "झाली" वाटली आणि पिशवीने तीनदा "नाही" सांगितलं. चौथ्यांदा हात थेट पलीकडे गेला, काहीच लागलं नाही. तेव्हा जे बरं वाटलं ते नंतर रंग मारतानाही वाटलं नाही.

प्रायमरमध्ये थोडा गोंधळ होता. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर क्षणात ऑक्साइडचा थर चढतो, त्याच्यावर साधा रंग टिकत नाही, म्हणून बरेच जण एच प्रायमर (धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा रंगाआधीचा थर) मारतात. पण त्यात अ‍ॅसिड असतं आणि पॉलिस्टर लांबीशी त्याचं जमत नाही. माझ्याकडे धातू आणि लांबी शेजारी शेजारी, म्हणून सरळ इपॉक्सी प्रायमर सगळीकडे. दोन भागांचा कॅन, बुडाशी बटण दाबलं की हार्डनर आत फुटतो आणि घड्याळ सुरू होतं, त्यामुळे सगळी मास्किंग झाल्यावरच दाबा. त्यावर हाय बिल्ड, म्हणजे जाड थराच्या, प्रायमरचे तीन हात, मग 400, मग 600 पाण्याने.

मास्किंगवरून आठवलं, दोन जागी रंग अजिबात नको. एक, चाक हबला टेकतं तो मागचा सपाट भाग. दोन, नट बसतात त्या खोलगट जागा. तिथे रंगाचा थर राहिला की नट आवळल्यावर तो नंतर दबतो, सरकतो आणि पकड सैल होते. दिसायला क्षुल्लक, पण चाक सुटायचा मामला आहे. मी कानात घालायचे फोमचे बोळे कोंबले, फुगून फिट्ट बसतात.

रंग. सिल्व्हर मेटॅलिकची खोड अशी की ओला जाड हात मारला तर चकचकी खाली बसते आणि रंग काळपट होतो, लांबून कोरडा मारला तर पांढुरका. म्हणजे एकाच कॅनमधून दोन रंग निघतात. आधी पुठ्ठ्यावर मारून, वाळवून, दुसऱ्या चाकाशेजारी धरून अंतर ठरवलं, माझं 20-25 सेंटीमीटरला जुळलं. चार पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. पहिल्या हाताला खालचा प्रायमर दिसतो आणि जीव कासावीस होतो, दिसू दे. आधी चाक पालथं, मग उताणं, स्पोकच्या बाजू आधी आणि दर्शनी भाग शेवटी. हवा दमट असेल तर सोडून द्या, रंगावर दुधाळ छटा येते. मी पावसाची भुरभुर बघून दोन दिवस हात बांधून बसलो.

मग क्लिअर, आणि दुसरी माती. साधा एका भागाचा क्लिअर पेट्रोलला आणि ब्रेक ऑइलला टिकत नाही, चाकावर तर ब्रेक शेजारीच, म्हणून दोन भागांचा घेतला. त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, एकदा शरीराला त्याची अ‍ॅलर्जी बसली की आयुष्यभर दम्याचा त्रास होऊ शकतो, त्यामुळे कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क म्हणजे नुसतं समाधान. ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज आणि वर कणांचा फिल्टर असलेला नीट बसणारा रेस्पिरेटर, हातमोजे, चष्मा, अंगभर कपडे, उघड्यावर, आणि घरातल्यांना आत पाठवून. हे जमत नसेल तर क्लिअरपुरतं चाक पेंटरकडे द्या, त्यात कमीपणा काही नाही.

पहिला हात मस्त. दुसऱ्या हाताला नटाच्या भोकाजवळ, जिथे दोन बाजूंचे फवारे एकमेकांवर येतात, तिथे एक ओघळ सुटला. हळूच खाली येत होता. मला पक्कं माहीत होतं की हात लावायचा नाही, वाळू द्यायचं, मग ब्लेडने तासायचं, 1500 आणि 2000 ने घासून कंपाउंड मारायचं. सगळं माहीत होतं. तरी बोट गेलं. ओघळाची जागा भुईमुगाएवढी होती, बोटाने ती रुपयाएवढी झाली, आणि हातमोज्याचा ठसा सिल्व्हरपर्यंत उमटला. मग काय, वाळेपर्यंत वाट, तेवढा भाग घासणं, परत सिल्व्हर, परत क्लिअर. दोन दिवस वाढले. आता संध्याकाळी ऊन तिरकं आलं की तिथे किंचित गडद ठिपका दिसतो. कोणाला दिसत नाही म्हणतात, मला तोच दिसतो.

तासाभरात बोटाला चिकटत नाही म्हणून लगेच बसवू नका. मी पूर्ण आठवडा ठेवलं. लवकर वाळावं म्हणून भट्टी, हीट गन असले प्रयोग पण नको, ही चाकं उष्णता देऊन कडक केलेली असतात, नको तेवढी तापवली तर मऊ पडतात. बसवताना नट चांदणीच्या क्रमाने, टॉर्क पान्ह्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या), माझ्या मॅन्युअलमध्ये 110 न्यूटन-मीटर आहे, तुमचा आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. 80 किलोमीटरनंतर परत तपासले, एक नट किंचित फिरला. आणि हो, सोडलेली हवा परत भरा, मी चाक लावून खाली बघितलं तेव्हा आठवलं.

आता ते मागचं चाक. काल काढलं, धुतलं, पत्ते खोचायला घेतले (बावन्नातले एकतीस उरलेत, बाकी चांदीचे झाले). बाहेरून तर पहिल्यापेक्षा सोपं, नुसते ओरखडे. सवयीने पिशवी घालून आतल्या बाजूने पण हात फिरवला, तर आतल्या काठापासून खाली एका जागी केसाएवढं काहीतरी लागलं. साबणाचं पाणी टाकलं, तर अगदी बारीक बुडबुड्यांची रांग, एकेक करून, सावकाश. तडा. सहा महिने ज्या वॉल्व्हला शिव्या दिल्या तो बिचारा ठणठणीत. तडा गेलेल्या चाकाला लांबीही नको आणि रंगही नको, ते गाडीवरून कायमचं उतरलं, नवीन मिळेपर्यंत स्टेपनीवर कामापुरतं जवळपास फिरतोय.

जुनं अजून अंगणातच आहे. उरलेला सिल्व्हर त्याच्यावर संपवतोय, नटाच्या भोकांजवळ मुद्दाम ओघळ आणतो आणि हात मागे बांधून बघत उभा राहतो. आज चार आले, एकालाही बोट लावलं नाही.