सातपुड्यातला सिकलचा पेशंट आणि ऑपरेशनआधीची रक्ताची पिशवी

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या पट्ट्यातून पित्ताशयातल्या खड्यांसाठी, सिझेरियनसाठी किंवा खुब्याच्या दुखण्यासाठी पेशंट आला की भूलपूर्व तपासणीत सिकलसेलची (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या करणाऱ्या आनुवंशिक आजाराची) चौकशी झालीच पाहिजे. हातात नुसता ‘सॉल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ असा प्राथमिक चाचणीचा कागद असेल तर काही ठरवता येत नाही. ही चाचणी वाहकात (एएस, दोष एकाच पालकाकडून आलेला) पॉझिटिव्ह येते आणि ग्रस्तातही (एसएस, दोघांकडून आलेला). हिमोग्लोबिन फार कमी असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर ती खोटी निगेटिव्हही येते. म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी हवीच, आणि तिचा नमुना रक्त चढवण्याआधी घ्यायचा. दोन पिशव्या चढल्यावर दात्याचं हिमोग्लोबिन रिपोर्टमध्ये मिसळतं आणि एसएसचा पेशंट वाहकासारखा दिसू लागतो. घाईत हे नेमकं राहून जातं.

एसएस ठरला की पुढचा प्रश्न रक्ताचा. १९९५ साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं, की एचबीएस (सिकलचं सदोष हिमोग्लोबिन) ३० टक्क्यांखाली आणण्याचा आटापिटा करण्यापेक्षा हिमोग्लोबिन १० पर्यंत नेणं पुरतं. फायदा तेवढाच आणि रक्त चढवण्याचे दुष्परिणाम कमी. मग २०१३ साली, ऑपरेशनआधी रक्त द्यावं की नाही हे तपासणारी ‘टॅप्स’ ट्रायल प्रसिद्ध झाली. तिच्यात रक्त न देता ऑपरेशन झालेल्या ३३ पैकी १३ जणांना महत्त्वाची गुंतागुंत झाली, रक्त दिलेल्या ३४ पैकी ५ जणांना. ११ जणांची गुंतागुंत गंभीर होती, त्यातले १० न दिलेल्या गटातले, आणि बहुतेकांना फुप्फुसांवर अचानक बेतणारा अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम. ट्रायल मुदतीआधी थांबवावी लागली. रक्त देण्याची पद्धतही साधी होती: हिमोग्लोबिन ९ च्या खाली असेल तर १० पर्यंत न्यायचं, ९ किंवा वर असेल तर काही रक्त काढून बदली द्यायचं. ११ च्या वर नेऊ नये, रक्त दाट होतं आणि मूळ दुखणं वाढतं.

पण ते पेशंट आपल्याकडचे नव्हते. भारतातल्या आदिवासी समाजात सापडणाऱ्या अरब-भारतीय प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, बरंच जास्त राहतं, अनेकदा १५ ते २० टक्क्यांच्या आसपास. ते एचबीएसला साखळ्या बांधू देत नाही. जोडीला अल्फा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) हाही बऱ्याच जणांत असतो. म्हणजे पावरा, भिल, मावची पेशंटला प्रत्येक ऑपरेशनआधी पिशवी लागतेच का, याचं उत्तर इथेच शोधावं लागेल. तोवर मी पिशवी देण्याच्याच बाजूचा आहे. छातीची गुंतागुंत उलटली तर नंदुरबारच्या आतल्या भागातून व्हेंटिलेटरपर्यंतचा रस्ता लांब आहे.

रक्ताचा वाद चालू राहो, बाकीची काळजी वादातीत आहे. रात्री दहापासून पाणी बंद ठेवणं या पेशंटला घातक. पारा ४४ वर असताना बारा तास पाणी नाही म्हणजे पेशी वाकडी व्हायला आमंत्रणच. साधं पाणी भुलेच्या दोन तास आधीपर्यंत द्या. चहा मात्र दुधाचा, त्याला सहा तासांचाच नियम, ताकालाही तोच. पेशंटचं नाव यादीत पहिलं घाला. उशीर होणार असेल तर सलाइन तेव्हाच सुरू करा. ओटीचा एसी आधी कमी करा, सलाइन कोमट द्या, तापमान ३६ च्या खाली जाऊ देऊ नका, कारण थंडीने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि पेशी तिथेच अडकतात. हायड्रॉक्सीयुरिया (सिकलचा त्रास कमी करणारं औषध) चालू असेल तर तो थांबवू नका. ऑक्सिजन न लावता मोजलेलं एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) आधीच लिहून ठेवा, नंतर तुलना कशाशी करणार? ऑपरेशननंतर जागेपणी दर दोन तासांनी स्पायरोमीटरवर दहा खोल श्वास. त्यासाठी दुखणं आटोक्यात लागतं. टाके ओढतात म्हणून उथळ श्वास घेणाऱ्याचीच छाती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरते.

आता, हे उत्तर शोधायला आपल्याकडे असा अभ्यास करायचा तर त्याचं गणित. टॅप्ससारखाच, ३९ विरुद्ध १५ टक्के असा फरक धरला, तर ८० टक्के पॉवरसाठी (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) प्रत्येक गटात साधारण ५० पेशंट पुरतात. आपल्याकडे गुंतागुंत निम्मीच असेल, २० विरुद्ध ८, तर प्रत्येक गटात १२५ ते १३० लागतात. एका कॉलेजच्या एका प्रबंधात हे बसत नाही. धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या मेडिकल कॉलेजांनी एकच प्रोटोकॉल घ्यावा, एचबीएफची टक्केवारी प्रत्येकाची नोंदवावी आणि पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत) नोंदणी करावी. संमतीपत्र नुसतं मराठीत असून भागत नाही. पावरी, भिली, अहिराणी बोलणाऱ्याला त्याच्या बोलीत समजावायचं, आणि वाचता येत नसेल तर अंगठ्यासोबत अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. ‘रक्त मिळेल म्हणून सही केली’ असं कुणाला वाटू नये, हे आधी बघा.

सगळ्यात अवघड ३० दिवसांचा पाठपुरावा. दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. भरतीच्या वेळीच मुकादमाचा आणि गावच्या आशाताईंचा नंबर घ्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी फोन करा, ताप, छातीत दुखणं, दम लागणं हे तिन्ही स्वतंत्र विचारा. फोन न लागलेल्याला ‘गुंतागुंत नाही’च्या रकान्यात टाकू नका, तो दुसऱ्या जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखल असू शकतो.