राजापूर ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग: निकालांचा तक्ता कुठवर आला

कोकणातल्या राजापूर, रत्नागिरी आणि आताच्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग या लोकसभा मतदारसंघांच्या निकालांचा १९५७ ते २०२४ हा पल्ला तक्त्यात बसला आहे. निवडणूक, विजेता, पक्ष एवढंच हवं असेल तर पहिलं पान आता बिनधास्त वापरा. मतांचे आकडे मात्र २००९ पासूनचेच पक्के धरायचे. त्याआधीच्या ओळी पिवळ्या ठेवल्या आहेत आणि जुनी मतं नव्या हद्दींवर बसवायचं काम संपेपर्यंत त्या पिवळ्याच राहतील.

विजेत्यांची साखळी तशी सर्वांना पाठ आहे. राजापुरातून १९५७, १९६२ आणि १९६७ ला बॅ. नाथ पै, १९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९ असे सलग पाच वेळा प्रा. मधु दंडवते, १९९१ ला काँग्रेसचे सुधीर सावंत, मग १९९६, १९९८, १९९९, २००४ ला शिवसेनेचे सुरेश प्रभू. पुढे मतदारसंघाचं नाव रत्नागिरी-सिंधुदुर्ग. २००९ ला काँग्रेसचे नीलेश राणे, २०१४ आणि २०१९ ला शिवसेनेचे विनायक राऊत, २०२४ ला भाजपचे नारायण राणे.

ही यादी एका दमात म्हणता येते, आणि तिथेच घोळ होतो. ती ऐकणाऱ्याला वाटतं की राजापूर मतदारसंघाचं २००९ ला फक्त बारसं झालं. तसं नाही. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत जुनं राजापूर आणि जुन्या रत्नागिरी मतदारसंघाचा एक तुकडा मिळून नवा मतदारसंघ झाला. आज त्यात सहा विधानसभा आहेत: २६५ चिपळूण, २६६ रत्नागिरी, २६७ राजापूर, २६८ कणकवली, २६९ कुडाळ, २७० सावंतवाडी. चिपळूणचे मतदार २००४ पर्यंत प्रभूंना नव्हे, अनंत गीते यांना निवडून देत होते. दापोली आणि गुहागर (२६३ आणि २६४) तर रायगडात गेले. त्यामुळे तक्त्यात आता तीन स्वतंत्र पानं आहेत: जुनं राजापूर, जुनं रत्नागिरी, आणि २००९ नंतरचं. तिन्ही जोडणारी एकच लांब ओळ कुणी परत घातली तर ती काढून टाकली जाईल.

जुन्या रत्नागिरीचं पान भरणं त्यामुळेच भाग होतं, आणि ते राजापूरपेक्षा जास्त रंगतदार निघालं. १९५७ ला तिथून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले. त्या लोकसभेत जनसंघाचे सगळे मिळून चारच खासदार होते, त्यांतले अटलबिहारी वाजपेयी एक आणि हे एक. १९६२ आणि १९६७ ला काँग्रेसच्या शारदा मुखर्जी, १९७१ ला शांताराम पेजे, १९७७ आणि १९८० ला जनता पक्षाचे बापूसाहेब परुळेकर, १९८४ ला हुसेन दलवाई, १९८९ आणि १९९१ ला गोविंदराव निकम, नंतर चार वेळा गीते. २०२४ चे राणे हे ‘इथले भाजपचे पहिले खासदार’ असं लिहायला हरकत नाही, पण शेजारी आसरांची टीप हवी.

पक्षाच्या रकान्यातले सापळे

निवडणूक आयोगाचा सांख्यिकी अहवाल जसाच्या तसा उतरवला तर १९७७ ला दंडवते ‘भारतीय लोकदल’चे दिसतात. आकडा बरोबर, पक्षही कागदोपत्री बरोबर. जनता पक्षाची नोंदणी तेव्हा झालेली नव्हती आणि घटक पक्षांचे उमेदवार लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर उभे होते. परुळेकरांचंही तेच. यावर उपाय म्हणून पक्षाचे रकाने दोन केले: ‘अहवालातला’ आणि ‘प्रत्यक्षातला’. पहिल्यात लोकदल, दुसऱ्यात जनता. रंगीत नकाशा करताना नेहमी दुसरा रकाना घ्यायचा, नाहीतर दंडवते प्रजा समाजवादीतून लोकदलात, तिथून जनता पक्षात आणि शेवटी जनता दलात उड्या मारत गेल्यासारखे दिसतात.

१९५७ चा निकाल शोधताना ‘महाराष्ट्र’ राज्यात हात घालाल तर काहीच मिळणार नाही. तो मुंबई राज्याच्या प्रकरणात आहे. १९५२ चाही तसाच, आणि तेव्हा राजापूर हे नावच नव्हतं. रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. त्यांना वेगळं पान केलंय. १९५७ च्या सीमांशी त्यांची सांगड घालायचा विचार सध्या नाही, कारण गावनिहाय काही हाती लागत नाही.

१९७१ च्या ओळीत ‘पोटनिवडणूक’ अशी चूक वारंवार येते. नाथ पै १८ जानेवारी १९७१ ला गेले हे खरं, पण लोकसभा त्याआधीच, डिसेंबर १९७० मध्ये विसर्जित झाली होती. दंडवते आले ते मार्चच्या मध्यावधी सार्वत्रिक निवडणुकीत. पोटनिवडणूक झालीच नाही.

नावांचं म्हणाल तर प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्र क्रमांक द्या आणि जुळणी त्या क्रमांकावरच करा. जुन्या अहवालांत कधी आडनाव आधी, कधी नंतर. गीते कधी ‘गिते’, प्रभू कधी ऱ्हस्व. हुसेन दलवाई दोन आहेत: १९८४ चे खासदार वेगळे, पुढे राज्यसभेवर गेलेले वेगळे. नाव बघून एकत्र केले तर कारकीर्द भलतीच लांबते. नामसाधर्म्याचे अपक्ष ही तर कोकणातली नेहमीची डोकेदुखी. शेजारच्या रायगडात २०१४ ला गीते सुनील तटकरेंवर जेमतेम २,११० मतांनी जिंकले, आणि तटकरेंच्याच नावाच्या एका अपक्षाला त्या फरकाच्या चौपटीहून जास्त मतं होती. पहिलं नाव अन् आडनाव एवढ्यावर बेरीज मारली असती तर निकालच उलटला असता.

टक्केवारी कशाने भागायची

एकाच रकान्यात १९५७ ते २०२४ ची टक्केवारी ठेवणं धोक्याचं, कारण छेद बदलत गेला आहे. मतपत्रिकेच्या काळात बाद मतं ही हजारोंनी मोजायची गोष्ट होती. झालेलं मतदान आणि वैध मतं यांत तेव्हा खरा फरक असे. २००४ ला देशभर यंत्रं आली आणि बाद मतं फक्त टपालीत उरली. २०१४ पासून लोकसभेला ‘नोटा’ आला. आता अहवालातल्या एकूण आकड्यात नोटा असतो, पण अनामत जप्त ठरवताना तो वैध मतांत धरत नाहीत. तिथे नोटा वगळून उरलेल्या वैध मतांचा सहावा भाग बघायचा. म्हणून छेदाचे तीन रकाने आहेत: झालेलं मतदान, वैध मतं नोटासह, वैध मतं नोटाविना. मताधिक्याची टक्केवारी तिसऱ्यावरून.

मतदारसंख्येची उडी १९८९ ला दिसेल. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आल्याचा तो परिणाम आहे. त्यावरून ‘१९८४ च्या तुलनेत मतदार वाढले’ असा निष्कर्ष काढू नये. याउलट मतदानाची टक्केवारी कमी दिसली की लगेच चाकरमान्यांवर ढकलायची सवयही सोडावी. नाव गावच्या यादीत आणि माणूस मुंबईत, हे प्रमाण मोठं आहेच. पण ते किती आहे हे निकालाच्या कुठल्याच कागदावर नसतं.

२००९ ते २०२४: चार निवडणुका, एकच हद्द

सगळ्या तक्त्यातला हा सर्वांत स्वच्छ भाग. सीमा न बदलता सलग चार निकाल मिळतात.

२००९: नीलेश राणे ३,५३,९१५, सुरेश प्रभू ३,०७,१६५, फरक ४६,७५०.
२०१४: विनायक राऊत ४,९३,०८८, नीलेश राणे ३,४३,०३७, फरक १,५०,०५१.
२०१९: राऊत ४,५८,०२२, नीलेश राणे २,७९,७००; फरक १,७८,३२२.
२०२४: नारायण राणे ४,४८,५१४, राऊत ४,००,६५६, फरक ४७,८५८.

आता नुसता शेवटचा आकडा वाचला तर काय समजतं? २०१४ ला राणेंचा पाया खचला, २०१९ ला राऊत आणखी मजबूत झाले. दोन्ही अर्ध्यामुर्ध्या समजुती आहेत. २००९ ते २०१४ मध्ये नीलेश राणेंची मतं फक्त १०,८७८ ने घटली. शिवसेनेची मात्र १,८५,९२३ ने वाढली. दोन्ही मिळून १,९६,८०१, आणि ४६,७५० अधिक १,५०,०५१ ही बेरीजही तेवढीच येते. (विजेता बदलला की दोन फरकांची बेरीज, तोच राहिला की वजाबाकी. ही उलटतपासणी प्रत्येक ओळीला लावा. एक अंक इकडचा तिकडे झाला तरी सापडतो.) म्हणजे २०१४ ला राणेंचा मतदार जवळपास जागेवरच होता, समोरची रास मोठी झाली.

२०१९ ला चित्र उलटं. राऊतांची स्वतःची मतं ३५,०६६ ने कमी झाली, तरी मताधिक्य २८,२७१ ने वाढलं, कारण राणेंची ६३,३३७ ने घटली. राणे तेव्हा काँग्रेसमध्ये नव्हते. महाराष्ट्र स्वाभिमान पक्षातून लढत होते आणि काँग्रेसचा उमेदवार वेगळा होता. ‘राऊतांची लाट’ म्हणण्यासारखं त्यात काही नाही, विरोधकांची फाटाफूट आहे.

आणि २०२४ चा ‘स्विंग’, म्हणजे एका पक्षाकडून दुसऱ्याकडे सरकलेल्या मतांचा आकडा, काढूच नका. राऊतांची ५७,३६६ मतं कमी झाली हे खरं, पण २०१९ ला त्यांच्या बेरजेत भाजपची मतं होती आणि २०२४ ला भाजप समोर होता. शिवसेनाही मधे दुभंगलेली. दोन्ही टोकांना एकच पक्ष नसेल तर स्विंगच्या आकड्याला अर्थ नाही. त्या रकान्यात मुद्दाम रेघ मारून ठेवली आहे.

विधानसभानिहाय पाहिलं तर २०२४ चा निकाल जिल्ह्याच्या हद्दीवर दुभंगतो. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या सिंधुदुर्गातल्या तिन्ही ठिकाणी राणे पुढे. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर या तिन्ही ठिकाणी राऊत. २००८ ची शिवण कुठून गेलीय ते माहीत असेल तर यात गंमत अशी की राजापूर विधानसभा जुन्या मतदारसंघात सिंधुदुर्गाबरोबर होती, आणि इथे ती रत्नागिरीबरोबर गेली.

नमुना २० हाताळताना

नमुना २० म्हणजे मतमोजणीचं अंतिम निकालपत्रक. भाग एकमध्ये प्रत्येक विधानसभेची केंद्रनिहाय मतं, भाग दोनमध्ये सहा विधानसभांची बेरीज आणि टपाली मतं. टपाली मतं सहांत वाटून टाकायचा मोह आवरा; सातवी ओळ म्हणून वेगळी ठेवा, तरच अंतिम आकड्याशी मेळ बसतो. मेळ बसत नसेल तर तीन ठिकाणी बघायचं. एक, सहायकारी (मूळ केंद्राला जोडलेली जादा) केंद्रं: क्रमांकापुढे ‘अ’ असलेली ओळ बऱ्याचदा गळते. दोन, पानाच्या तळाची बेरीज पुढच्या पानावर केंद्र म्हणून उतरलेली असते. तीन, काही वेळा मॉक पोलची (मतदानाआधीच्या चाचणीची) मतं न पुसलेलं यंत्र मोजत नाहीत, जर त्या यंत्रातल्या मतांनी निकाल बदलणार नसेल. तिथे नमुना १७-क मध्ये (केंद्रावरच्या मतांच्या हिशेबात) मतदान दिसतं आणि नमुना २० मध्ये नाही. ती तफावत भरून काढायची नाही, शेऱ्यात लिहायची.

जुन्या मराठी पीडीएफमधून मजकूर उचलला की युनिकोडपूर्व फॉन्टमुळे अक्षरांचा चिवडा हाती येतो. तिथे पान चित्र म्हणून घेऊन ओसीआर (चित्रातली अक्षरं यंत्राने वाचणं) करणं परवडतं, पण देवनागरी १ आणि ९ डोळ्यांनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. केंद्राची मतं त्या केंद्राच्या एकूण मतदारांपेक्षा जास्त निघाली तर नव्वद टक्के वेळा हीच भानगड असते.

शिवणीवरचं काम

२००४ ची मतं २००९ च्या हद्दींवर बसवायची आहेत. पुनर्रचना आदेशात विधानसभेचं वर्णन तालुका, आणि तालुका तुटला असेल तिथे महसूल मंडळ, असं दिलेलं असतं. सिंधुदुर्ग सोपा: सावंतवाडीत वेंगुर्ला आणि दोडामार्ग, कणकवलीत देवगड आणि वैभववाडी, कुडाळात मालवण. खरी कटकट संगमेश्वर तालुक्याची. त्या नावाची विधानसभा गेली आणि तालुक्याची मंडळं वाटली गेली. तिथे केंद्राचं नाव, म्हणजे बहुधा जि. प. शाळा, त्यावरून गाव, गावावरून सजा (तलाठ्याची हद्द), सजेवरून मंडळ असा प्रवास करावा लागतो. एकाच नावाच्या वाड्या चार गावांत असतात, म्हणून गावाचा जनगणना क्रमांक लावल्याशिवाय जुळणी पक्की धरू नका. एक केंद्र दोन मंडळांत पडत असेल तर मतदारांच्या प्रमाणात मतं वाटायची आणि ती ओळ तिरप्या अक्षरांत ठेवायची.

या कसरतीतून येणारा आकडा कशाला उपयोगी नाही, हेही सांगायला हवं. २००४ ला नारायण राणे शिवसेनेत होते. २००५ ला ते काँग्रेसमध्ये गेले. २००४ ची मतं कितीही नेटकी बसवली तरी ती राणेंसह असलेल्या शिवसेनेची मतं आहेत. हद्दीचा परिणाम त्यातून कळेल, माणसाबरोबर गेलेल्या मतांचा कळणार नाही. त्यासाठी २००५ ची मालवण पोटनिवडणूक वेगळ्या रकान्यात हवी, आणि ती लोकसभेच्या आकड्यांत मिसळायची नाही.

सध्या कणकवली, कुडाळ, सावंतवाडीची गावजुळणी आधी घ्यायची, मग राजापूर, आणि संगमेश्वरचे तुकडे शेवटी. ज्यांच्याकडे २००४ च्या मतदान केंद्रांची छापील यादी आहे त्यांनी संगमेश्वर तालुक्यातल्या देवरुख भागापासून सुरुवात केली तर बरं; तिथल्या केंद्रांची नावं नंतरच्या यादीत सर्वांत जास्त बदललेली दिसतात.