मेंदूत रक्तस्राव दिसत असताना हेपारिन का देतात?

माझ्या भाचीला बाळंतपणानंतर काही दिवसांनी असह्य डोकेदुखी सुरू झाली. पुढे आकडी आल्यावर एमआर व्हेनोग्राफी (मेंदूतील शिरा दाखवणारा एमआरआय) झाली आणि मेंदूतील रक्त बाहेर वाहून नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी असल्याचे निदान झाले. त्याच अहवालात थोडा रक्तस्रावही नोंदवलेला होता, तरीही डॉक्टरांनी हेपारिन हे रक्त पातळ करणारे औषध सुरू केले. रक्त वाहत असताना ते आणखी पातळ करायचे, हे ऐकून घरातील वडीलधाऱ्यांचा धीर सुटला.

या आजारातील रक्तस्राव बहुधा गुठळीचाच परिणाम असतो, हे कळले की उपचारामागचा विचार उलगडतो. मोरीचे तोंड तुंबले की पाणी मागे घरात साचते, त्याप्रमाणे शीर बंद झाल्यावर दाब मागे साचत जातो, मेंदूला सूज येते आणि अखेर सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात. हेपारिन जुनी गुठळी विरघळवत नाही. ते तिची वाढ थांबवते आणि शरीराला ती हळूहळू विरघळवण्यास अवधी मिळवून देते.

या उपचाराचा मोठा आधार म्हणजे म्युनिकच्या आइनहॉइप्ल आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी. तिच्यात अवघे २० रुग्ण होते. हेपारिन मिळालेल्या दहांपैकी कोणीही दगावले नाही, तर न मिळालेल्या दहांपैकी तिघे दगावले. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. १९९९ मधील दुसऱ्या, थोड्या मोठ्या चाचणीत लाभ संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्विवाद ठरला नाही, परंतु औषधामुळे मेंदूत नवा, लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव झाला नाही. पुरावा अल्प आहे, पण माझ्या मते भीतीपेक्षा तो निश्चितच वजनदार आहे.

आपल्याकडे बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत अजून काही घरांत पाळली जाते. प्रसूतीनंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते, त्यात शरीरातील पाणी घटणे घातक ठरू शकते. सणासुदीला पाळी पुढे ढकलण्यासाठी परस्पर घेतल्या जाणाऱ्या, गुठळीचा धोका वाढवू शकणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांबाबतही हीच सावधगिरी हवी.

खरी कसोटी रुग्णालयातून घरी आल्यावर लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या साधारणतः तीन ते बारा महिने चालतात; रक्त गोठण्याचा गंभीर उपजत दोष आढळल्यास त्या आयुष्यभर घ्याव्या लागू शकतात. त्यांपैकी वॉरफरिन घेताना पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी) तपासणी नियमित करून तिच्यातील आयएनआर हा आकडा बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो. मेथी-पालक वर्ज्य करण्याची गरज नसते, मात्र त्यांचे प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे असावे. डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक गोळी किंवा काढा घेऊ नये. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२० रुग्णांच्या चाचणीत डॅबिगाट्रान ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी आणि वॉरफरिन या दोन्ही गटांत नवी गुठळी झाली नाही, त्यामुळे वारंवार तपासणी न लागणारा पर्यायही आता उपलब्ध आहे. परंतु अंगावर पाजणाऱ्या आईसाठी बहुधा वॉरफरिनच निवडले जाते, कारण ते दुधात जवळजवळ उतरत नाही. पुढील गरोदरपणात मात्र वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकते, म्हणून तेव्हा वार ओलांडून बाळापर्यंत न पोहोचणारी हेपारिनची इंजेक्शने दिली जातात आणि त्याविषयीची चर्चा गर्भधारणेपूर्वीच करावी लागते.